एक चांदणी कमी

ईनबाई, तुमच्या तेरवीच्या पंगतीत मला शेवटच्या रांगेत बसवलं. दाराजवळ, जिथे लोक चपला काढत होते तिथे. विहिणीला असं बसवतात का? तुम्ही असता तर वाढणाऱ्याच्या हातातला डाव काढून घेतला असता आणि मला हाताला धरून पहिल्या पाटावर नेलं असतं. वांग्याची भाजी बरी होती, मुकाट जेवले. तुमच्या हातची नव्हती, पण बरी होती.

पुण्याकडे विहीणबाई म्हणतात, आपल्याकडे ईनबाई. माझी मीनल तुमच्या नितीनला दिली, तेव्हा मी अमरावतीची ईनबाई झाले आणि तुम्ही अकोल्याच्या. लग्नानंतर कितीतरी दिवस आपण एकमेकींशी फक्त रीतीपुरतं बोलत होतो. तब्येत बरी ना, पाऊस कसा आहे, लोणचं पोचलं का. तुम्ही मुलाची आई, मी मुलीची. मुलीच्या आईनं जपून बोलावं, हे मला माझ्या आईनं सांगितलं होतं आणि तिला तिच्या आईनं. तुम्हीही कमी बोलायच्या. मला वाटायचं, बाई मोठी आखडू आहे. मीनल म्हणायची, "आई, त्यांनाही तू तशीच वाटतेस."

आपलं खरं बोलणं सुरू झालं ते अकोल्यातच, तुमच्या पुतण्याच्या लग्नात. आठवतं? जेवताना कोणीतरी हल्लीच्या मालिकांचा विषय काढला. मी म्हटलं, आताच्या मालिकांमधल्या सासवा झोपतानाही दागिने काढत नाहीत. तुम्ही ताटातून मान वर केली नाही, नुसतं म्हणालात, "शिरेल होती तं थे टेकडीवरची."

माझ्या हातातली वाटी कलंडली. 'टेकडीवरचं टपाल'. टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या काळातली मालिका. घरात नुकती आलेली शालिनी नावाची सून, तिला लांबच्या टेकडीवरच्या गावात पोस्टात नोकरी लागते आणि एका सकाळी ती पत्र्याची पेटी घेऊन निघते. ती लागायची तेव्हा मीही नवीनच सून होते. सासऱ्यांसमोर बसायचं नाही म्हणून दाराच्या फटीतून पाहायची. तुम्ही तेल्हाऱ्याकडच्या तुमच्या घरून शेजाऱ्यांच्या अंगणात जायच्या, पोतं अंथरून बसायच्या. दोन गावांतल्या दोन सुना एकच गोष्ट पाहत होत्या आणि इतक्या वर्षांनी एका पंगतीत भेटल्या. मला इतका आनंद झाला की मी जपून बोलायचं विसरले.

"शालिनी गेली ते छान केलं," मी म्हटलं.

"अजिबात छान नाई केलं," तुम्ही म्हणालात.

"काहून नाई? नोकरी का रोज लागते?"

"अशी न विचारता जाते का कोनी घरातून? काई रीतभात?"

मग आपल्या दोघींची जुंपली. आवाज चढले. वाढपी थबकले. मुलीची आई आणि मुलाची आई भर लग्नात भांडताहेत म्हटल्यावर मीनल आणि नितीन धावत आले. तुमचे यजमान, आमचे इवाई, उठून उभेच राहिले. कोण शालिनी, हे कळल्यावर नितीन जो हसत सुटला तो हसतच राहिला. त्यानंच मग त्या मालिकेचा डीव्हीडीचा संच शोधून काढला. आता कोणी असले संच घेत नाही, पण कुठल्याशा कंपनीनं जुन्या मालिका घरी पाहायला म्हणून काढल्या होत्या आणि नितीननं घरबसल्या मागवला.

संच एक, विहिणी दोन. डबा आधी अकोल्याला राहील, हे न बोलता ठरलं. मुलाच्या आईचा मान. तुम्ही एकेक डिस्क पाहून माझ्याकडे पाठवायची, मी पाहून परत करायची. ने-आण करायला आमचे शेजारी इरफानभाई मिळाले. त्यांचा कापडाचा धंदा, दर मंगळवारी अकोल्याला खेप. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत तुम्ही डिस्कलाही लावली. डिस्कबरोबर कधी तिळाची चटणी, कधी पाटवड्या. माझं माहेर शेंदूरजनाघाट, तेव्हा माझ्याकडून संत्री. इरफानभाई म्हणायचे, "काकू, ही शिरेल पाहून कोनाचं काय होते मले मालूम नाही, माझ्या गाडीत मात्र हर खेपेले नाश्ता राह्यते."

डिस्क हातात देताना ते तुमचा निरोपही द्यायचे. "अकोल्याच्या अम्मांनी सांगितलंय, ह्याच्यात रडाचं नाही. रडाचं पुढच्यात आहे."

आणि दुपारी दोनला फोन. भांडी आवरून, पदराला हात पुसून तुम्ही फोन लावायच्या आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरू व्हायच्या. तुमची मतं मी काय सांगू. त्या मालिकेचं तेव्हा किती कौतुक झालं होतं. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुमचं पहिलं मत, "या गावात एक वावर नाई दाखवलं. लोकं खातात काय? पत्रं?" दुसरं मत शालिनीच्या नवऱ्याबद्दल. "थो नुसता खिडकीतून पायते. बोल ना बाप्पा काई." मला त्याचं ते खिडकीत उभं राहणं फार आवडायचं, तुम्ही त्याला ठोंब्या ठरवलं. मी म्हणायची, त्याच्या डोळ्यात पाहा. तुम्ही म्हणायच्या, डोळ्यानं का पोळ्या होतात. खरं सांगते, माझ्या उभ्या आयुष्यात कोणी इतकं मन लावून माझं मत खोडलं नव्हतं. आमच्या घरी माझ्या मताला सगळे 'हो हो' म्हणतात आणि पेपर वाचतात.

हे सगळं मजेत चाललं असताना मीनलला नोकरी आली. नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात, कापड तपासायच्या प्रयोगशाळेत. ती शिकली होती तेच काम. अकोल्यात असताना तिनं कितीदा अर्ज केले होते, मला माहीत होतं. पण नांदगाव पेठ म्हणजे अमरावती, आणि अमरावती म्हणजे माहेर. सोमवार ते शनिवार सून माहेरी राहणार. अकोल्यातले लोक काय म्हणतील? सून माहेरी बसली, असंच. नितीन तयार होता. त्यानं घरात सांगितलं. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. उठून गच्चीवर वाळवणं उलटवायला गेलात.

मीनल फोनवर मला म्हणाली, "आई, त्या काहीच बोलत नाहीयेत. तू बोल ना त्यांच्याशी."

मी कशी बोलणार होते? मी तोंड उघडलं असतं तर आईनंच पोरीला शिकवलं, असं झालं असतं. जन्माचं. रोज दुपारी दोन वाजता तुम्ही माझ्याशी तासन्तास बोलत होतात आणि जे बोलायचं ते सोडून आपण एका खोट्या सुनेबद्दल बोलत होतो. कारखान्यानं मीनलला महिनाअखेरीपर्यंत कळवायला सांगितलं होतं. दिवस संपत चालले होते आणि मी तुम्हाला विचारत होते, त्या नोकरीचं पत्र आणणाऱ्या पोस्टमनच्या चपला तुम्हाला खऱ्या वाटल्या का.

त्यातच तो घोळ झाला. त्या मंगळवारी आलेली डिस्क मी लावली. शालिनी टेकडीवर पोचलेली, पोस्टाचं दार उघडतेय, घरून सासूनं पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीचा वास घेतेय. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी फोनवर मी मनापासून म्हटलं, "ईनबाई, सासू असावी तं अशी. कसं हसत पाठवलं असन तिनं सुनेले. मनाचा मोठेपणा लागते."

तुम्ही नुसतं म्हणालात, "बरं. ठेवतो." आणि फोन ठेवलात.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी लावला तर इवाईंनी उचलला, म्हणाले झोपली आहे. तुम्ही दुपारी झोपत नव्हता, हे मला माहीत होतं. मला काही कळेना. मीनलचा फोन आला, घरात जेवताना कोणी बोलत नाही म्हणाली. मी मनाशी म्हटलं, झालं, पोरीच्या नोकरीचं संपलं, आणि ते आपल्यामुळेच.

पुढच्या मंगळवारी इरफानभाई डिस्क न्यायला आले. पाकिटात घालताना त्यांनी ती उजेडात धरली. "काकू, ही तं चार नंबर आहे. तीन नंबर कुठं आहे?"

माझा चष्मा नव्हता. कंपनीनं आकडा इतका बारीक छापलेला की मुंगीलाही दिसायचा नाही. इरफानभाईंनी लहानपणी ही मालिका पाहिलेली. त्यांनी दारात उभ्या उभ्या मधली गोष्ट सांगितली तेव्हा तिसऱ्या डिस्कमध्ये काय असणार ते मला आठवलं. त्याच डिस्कमध्ये शालिनी निघते. सासू चुलीपुढे बसलेली, तिला पेटीचा आवाज येतो, पावलांचा आवाज येतो, आणि ती वळत नाही. हसत पाठवणं तर दूरच. इतक्या वर्षांत मी तेवढंच विसरले होते. आणि तुम्ही ती डिस्क पाहून बसलेल्या. मी जे म्हटलं ते तुम्हाला टोमण्यासारखं लागलं. लागणारच. विहिणीनं मारलेला टोमणा तो असाच असतो, दुसऱ्याच्या नावानं.

मी तिथंच फोन लावला आणि इवाईंना म्हटलं, झोपल्या असतील तर उठवा. तुम्ही आल्यावर एका दमात सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. "माय व," तुम्ही म्हणालात, "म्या चौथी पाठवली काय? चुकलंच असन."

चुकलं असेल. मीनलनं नंतर मला सांगितलं की त्या आठवड्यात तुम्ही तिसरी डिस्क रोज लावत होतात, आणि रोज त्या चुलीपाशी आलं की मागे नेऊन पुन्हा पाहत होतात. ती पाहून झाली नव्हती म्हणून चौथी पाठवली, की चुकून, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं नसतंच.

मग संक्रांत आली. तुम्ही हळदीकुंकवाला बोलावलं म्हणून मी अकोल्याला आले. बायका येऊन गेल्या, ताटातला तिळगूळ संपला, आणि आपण तिघी पाय पसरून बसलो. नितीननं संच मागवला होता तिथून त्याच्या फोनवर सारखं विचारणं येत होतं की, वस्तू कशी वाटली, मत लिहा. तो फोन मीनलच्या हातात होता. तुम्ही म्हणालात, "लोकाईनं काय लिवलं थे वाच बरं."

मीनल वाचू लागली. कोणी लिहिलं होतं, डबा फुटका आला. कोणी, चित्र धूसर आहे. कोणी, माल वेळेवर मिळाला, धन्यवाद. कोणी, लहानपण आठवलं. तुम्ही वैतागलात. "सग्ग्यांनी डबाच पायला. शिरेल कोनी पायली का नाई?" आणि पदर सावरून ताठ बसलात. "लिव. मी सांगतो."

"शुद्ध भाषेत लिहू ना?" मीनलनं विचारलं.

"काहून? म्या अशुद्ध पायली काय?"

मीनल अंगठ्यानं लिहू लागली. तुम्ही भिंतीकडे बघत सांगत होतात. "डबा चांगला आला. चित्र जुनं हाय, थे जुनंच दिसन. नंबर मोठे छापा, घरात भांडनं होतात." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "शालिनी गेली थे बराबर केलं. पन सासूले विचारून जाले पायजे होतं. पोराच्या तोंडून सांगाचं नसते. सुनेनं स्वतः विचारलं असतं, तं सासूनं नाई म्हनलं नसतं."

मीनलचा अंगठा थांबला. मला बोलायचं नव्हतं, मी बोलायचं नव्हतं, आणि मी बोलले नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

"थांबली काहून? लिव."

मीनलनं फोन खाली केला. तिचा आवाज लहान झाला होता. "आई," ती तुम्हाला म्हणाली, "मी जाऊ?"

"पयले लिवनं पुरं कर," तुम्ही म्हणालात. "मंग जाय."

मला रडू आलं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तुमाले काय झालं? रडाचं पुढच्यात हाय." मीनल तुमच्या पाया पडायला वाकली तर तुम्ही तिला पाठीत धपाटा घातला. मग तिनं विचारलं, चांदण्या किती देऊ, पाच? तिथे मताबरोबर चांदण्या द्याव्या लागतात. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "एक काप."

"आता कशासाठी?" मी म्हटलं.

"सून गेल्यावर थे म्हातारी दिवसभर काय करे, थे नाई दाखवलं."

ईनबाई, त्या मताला खाली कितीतरी लोकांनी 'उपयोगी' असं म्हटलं होतं. मीनल मला दाखवायची. पण मी तुमची मुद्दाम खोड काढायची की, हरलात ना, शालिनी बरोबर ठरली ना. तुम्ही शेवटपर्यंत हार मान्य केली नाही. "मी काई हारली नाई. थे न विचारता गेली, आपली विचारून गेली." 'आपली' म्हणायच्या तुम्ही. मीनल सोमवारी माझ्याकडे यायची तर डब्यात तुमच्या हातच्या पाटवड्या, शनिवारी परत निघायची तर माझी संत्री. शेजारणींनी तुम्हाला विचारलंच, सून कुठे असते म्हणून. तुम्ही काय सांगितलं तेही मला कळलं. "माहेरी नाई, कामावर असते."

मालिका संपली तरी दोनचा फोन काही संपला नाही. बोलायला नवीन काही नव्हतं. तीच शालिनी, तोच खिडकीतला ठोंब्या. मी डोळ्यांवर अडून, तुम्ही पोळ्यांवर. अधूनमधून तुम्ही विचारायच्या, "तुमचं मत कवा लिवसान?" मी म्हणायची, लिहू, घाई काय आहे. मला तुमच्या त्या कापलेल्या चांदणीचं उत्तर सापडत नव्हतं. उत्तराशिवाय लिहिलं तर तुम्ही हसल्या असत्या.

तुम्ही गेलात तो रविवार होता, मीनल घरी होती, तुमच्या उशाशी. त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. बाकीचं मला लिहायचं नाही.

तेरवीहून निघताना नितीननं संचाचा डबा माझ्या पिशवीत घातला. त्यानंतर परवा दुपारी फोन वाजला. दोन वाजले होते. अकोल्याचा नंबर पाहून पदराला हात पुसले आणि उचलला. आमचे इवाई होते. लग्नापासून त्यांनी मला स्वतःहून फोन केलेला नाही. बराच वेळ खाकरून झाल्यावर म्हणाले, "ईनबाई, तुमी दोघी एवढं बोलत होत्या, थे नेमकं काय होतं त्याच्यात? थे तिसऱ्या नंबरची तेवढी पाठवा. थे तीच लावे."

मी म्हटलं, "तिसरी नाई मिळन. पयलीपासून पाहा. आन पाहून झाली का मत सांगा, नाई तं दुसरी नाई पाठवत."

काल मंगळवार होता. इरफानभाईंबरोबर पहिली डिस्क गेली, वर संत्री. त्यांनी पाकीट पुढच्या सीटवर, आपल्या जवळ ठेवलं. गाडी वळली आणि मला एकदम तुमच्या चांदणीचं उत्तर कळलं. इतकं सोपं की मी दारातल्या ओट्यापाशी उभी राहून हसले आणि मग रडले, आणि मग पुन्हा हसले.

संध्याकाळी मीनल कामावरून आल्यावर तिला म्हटलं, माझं मत लिहायचं राहिलंय, काढ फोन. मी सांगितलं ते असं. "माझ्या ईनबाईंनी या मालिकेची एक चांदणी कापली आहे, कारण सून गेल्यावर सासू दिवसभर काय करायची ते दाखवलं नाही. ते मला माहीत आहे. दुपारी दोन वाजता ती विहिणीला फोन करायची आणि चहाच्या वेळेपर्यंत भांडायची. फार सुंदर भांडायची. माझ्याकडून पाच चांदण्या."

मीनलचा अंगठा थांबला.

"थांबली काहून? लिव," मी म्हटलं.

तिनं लिहिलं. डोळे पुसून मला दाखवलं. तिथे नवीन मत वर लागतं, जुनं खाली जातं, असा नियम आहे म्हणे. म्हणजे आता मी वर आणि मुलाची आई खाली. तुमच्या पंगतीत मला दाराशी बसवलं, त्याची भरपाई झाली. हे तुम्हाला चालणार नाही, मला ठाऊक आहे. या आता भांडायला.